पाणबुडी खेळावी कशी? ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीचा धडा

१/ वाघोलीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहून दूर. तरीही नगर रस्त्यालगतच्या वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत मध्यरात्रीपर्यंत सागरी युद्धे चालतात, अर्थात मोबाइलच्या पडद्यावर. या खेळांत पाणबुडी निवडणारे पुष्कळ, निभावणारे थोडे. बहुतेकांची पाणबुडी पहिल्या काही मिनिटांतच तळ गाठते. असे का होते, याचे उत्तर आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासात आहे. ते थोडे कडू आहे.

२/ नवखा खेळाडू पाणबुडीला पाण्याखालची युद्धनौका समजतो आणि वेगाने शत्रूवर धावून जातो. वस्तुतः पाणबुडी दुबळी असते. तिचे एकमेव चिलखत म्हणजे ती कोठे आहे हे कोणास ठाऊक नसणे. १९७१ मधील पाणबुड्या पाण्याखाली विद्युतघटांवर चालत. वेग वाढवला की घट झपाट्याने रिते होत आणि आवाजही वाढे. घट पुन्हा भरण्यासाठी पृष्ठभागाजवळ येऊन डिझेल इंजिन चालवावे लागे. म्हणजे प्रत्येक घाईची किंमत पुढे उघडे पडून मोजावी लागे.

३/ दुबळ्याने बलाढ्य आरमाराला अंधारात चकवण्याची विद्या या किनाऱ्याला नवी नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजे आणून बेटाची कोंडी केली. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री त्या जहाजांना चुकवून बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. बेट मराठ्यांकडेच राहिले. भारतीय नौदलाने दोन पाणबुड्यांना ‘खांदेरी’ हे नाव दिले: पहिली १९६८ मध्ये दाखल झाली, दुसरी माझगाव गोदीत बांधली गेली आणि २०१९ मध्ये दाखल झाली.

४/ आता मूळ प्रसंगाकडे. १९७१ चे युद्ध पेटण्यापूर्वीच पाकिस्तानची ‘हंगोर’ ही फ्रेंच बनावटीची, दाफ्ने वर्गातील पाणबुडी मुंबईच्या परिसरात येऊन दबा धरून होती. नेतृत्व कमांडर अहमद तस्नीम यांच्याकडे होते. त्यांच्या कथनानुसार, २ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भारतीय ताफा तिच्या जवळून गेला. परंतु युद्ध जाहीर झाले नसल्याने त्यांना पाणतीर सोडता आले नाहीत. लक्ष्य समोर असताना हात आवरणे हा पाणबुडीचा पहिला धडा. खेळात तोच सर्वांत कठीण जातो.

५/ दुसरा धडा ऐकण्याचा. सोनार दोन प्रकारे वापरता येते. स्वतः ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपला तर अंतर अचूक कळते, पण आपला ठावठिकाणाही उघड होतो. नुसते ऐकत राहिले तर माहिती अपुरी मिळते, मात्र आपण लपलेलो राहतो. शिवाय उष्ण समुद्रात तापमानाचे थर असतात. त्यांतून जाताना ध्वनी वाकतो आणि वरच्या जहाजाला खालची पाणबुडी ऐकू येत नाही. खेळात सोनारची कळ सतत दाबणारा खेळाडू स्वतःचाच पत्ता ओरडून सांगत असतो.

६/ सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ पाणबुडी असल्याची चाहूल लागताच ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या फ्रिगेट मुंबईहून तिच्या शोधासाठी निघाल्या. त्यांची सोनार यंत्रणा जुनी होती. हंगोरला दूरचे ऐकू येत होते, या जहाजांना तितके नाही. त्यातच खुकरीवर सोनारमधील एका सुधारणेची चाचणी चालू होती आणि तिच्यासाठी वेग कमी ठेवला होता. अशा रीतीने शिकारी नकळत सावज झाले.

७/ ९ डिसेंबरच्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, हंगोरने पहिला पाणतीर किरपाणवर सोडला. तो जहाजाखालून निघून गेला, फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. अवघ्या काही मिनिटांत खुकरी बुडाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याचा हा पहिलाच प्रसंग. असा पुढचा प्रसंग १९८२ मध्ये घडला, ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ बुडवली तेव्हा.

८/ तिसरा धडा निसटण्याचा. पाणतीर सुटला की गुप्तता संपते. तेथून पुढे आधी आखून ठेवलेली परतीची वाट तेवढी उपयोगी पडते. भारतीय जहाजे व विमाने पुढे काही दिवस हंगोरचा माग काढत राहिली, तरी ती कराचीला परतली. या शोधात बळ गुंतल्याने कराचीवरील नियोजित तिसरा क्षेपणास्त्र-हल्लाही रद्द झाला. एका पाणबुडीने मोहिमेचा क्रम बदलला. खेळातही पाणबुडीचे यश बुडवलेल्या जहाजांच्या संख्येत मोजू नये. शत्रूची किती जहाजे तिच्या शोधात अडकून पडली, हेही पाहावे.

९/ मात्र लपणारालाही फसवता येते. पाकिस्तानची ‘गाझी’ पूर्व किनाऱ्यावर विक्रांत या विमानवाहू नौकेच्या शोधात आली होती. विक्रांत अंदमानकडे होती. विशाखापट्टणमजवळ ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका विक्रांत असल्याचे भासवणारे संदेश पाठवीत होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री गाझी नव्वदहून अधिक माणसांसह तेथेच बुडाली. बुडण्याच्या कारणाविषयी दोन्ही देशांची मते भिन्न आहेत; पण ती चुकीच्या जागी वाट पाहत होती, यात शंका नाही. संयमाला अचूक माहितीची जोड नसेल, तर तो संयमच घातक ठरतो.

१०/ तेव्हा खेळाडूसाठी सार इतके: शत्रूमागे धावू नये, त्याला जेथून जावेच लागेल तेथे आधी पोहोचावे. सावकाश चालावे, ऐकावे. परतीची वाट ठरल्याशिवाय पाणतीर सोडू नये. सोडल्यावर परिणाम पाहत थांबू नये. आणि पडद्यावर सहज दिसणाऱ्या प्रत्येक सावजाविषयी एकदा शंका घ्यावी.

११/ परंतु खेळ एक गोष्ट दाखवीत नाही. पडद्यावर जहाज बुडते, गुण वाढतात, पुढच्या फेरीत तेच जहाज पुन्हा तरंगते. खुकरीसोबत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जॅकेट एका नौसैनिकाला दिले, सहकाऱ्यांना समुद्रात उतरवले आणि स्वतः जहाजावरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. ६७ जण वाचले. पाणबुडीच्या आत बसलेल्यांना यातले काहीच दिसत नाही. त्यांना केवळ स्फोट ऐकू येतो आणि नंतर शांतता.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रसंगात दोन्ही बाजू एकाच वेळी मनात धरता आल्या पाहिजेत. हंगोरचे कौशल्य मान्य केल्याने खुकरीच्या धैर्याला उणेपणा येत नाही. उलट समोर काय होते, हे नीट कळते. हंगोर आज कराचीच्या सागरी संग्रहालयात आहे. खुकरी अजून दीवजवळच्या समुद्रतळाशी आहे, आणि दीवच्या किनाऱ्यावर तिचे स्मारक उभे आहे. दीवला जाणाऱ्यांनी किल्ला पाहून झाल्यावर तेथेही थोडा वेळ द्यावा.

(धागा समाप्त)