कोठाराचं छत

लीड्सला लेकीकडे मुक्काम होता, तेव्हा ‘फाउंटन्स ॲबी बघितल्याशिवाय मी परत जायची नाही’ असं तिला बजावून ठेवलं होतं. ३६ नंबरच्या बसने रिपन गाठलं आणि हरणांच्या कुरणातून, पुढे स्टडली रॉयलच्या जलउद्यानातून चालत गेलो. एका वळणावर झाडी सरली आणि समोर तो बिनछपराचा अजस्र मठ आला.

यॉर्कच्या सेंट मेरी मठातली शिस्त सैल झाली, म्हणून भांडून बाहेर पडलेल्या १३ साधूंना आर्चबिशप थर्स्टनने ११३२ च्या डिसेंबरात स्केल नदीची ही घळ दिली. तीही ऐन थंडीत! लवकरच ते सिस्टर्शियन पंथात गेले. न रंगवलेल्या लोकरीचे झगे, बेताचं अन्न, मौन, अंगमेहनत. गंमत म्हणजे वैराग्याच्या ओढीने आलेल्या या मंडळींचा मठ पुढे इंग्लंडातल्या श्रीमंत मठांमध्ये गणला जाऊ लागला. सगळी करामत मेंढ्यांची. यॉर्कशरच्या माळांवर कळप चरायचे आणि लोकर इटालियन व्यापाऱ्यांकडे जायची. पुढच्या हंगामांची लोकर आधीच विकून उचल घ्यायची चटक लागली. मग मेंढ्यांना खरजेने गाठलं आणि मठ कर्जात रुतला. वैराग्याचाही हिशेब ठेवावा लागतो, दुसरं काय!

सगळे फोटो काढतात ते मठाधिपती मार्मड्यूक हुबीच्या मनोऱ्याचे. उंची १६० फुटांच्या आसपास. पंथाच्या जुन्या नियमांत दगडी घंटामनोऱ्यांना मनाई होती, हे कळल्यावर मला तो मनोरा जरा मिरवणारा वाटला.

मी रमले ती पश्चिमेकडच्या कोठारात. लांबी सुमारे ३०० फूट. मधोमध खांबांची एकच रांग, आणि खांबांना शीर्षच नाही; छताच्या फासळ्या सरळ खाली उतरतात आणि खांबात मिसळून जातात. दगडावरून हात फिरवला की छिन्नीचे घाव बोटांना जाणवतात. वर फटींमध्ये वटवाघळं राहतात.

इथे एका बाजूला साठवण आणि दुसऱ्या टोकाला ‘ले ब्रदर्स’ची भोजनशाळा, त्यांची झोपायची सोय वरच्या मजल्यावर. नांगर धरायचा, मेंढ्या राखायच्या, दगड घडवायचे, ही कामं यांची. व्रतं यांनीही घेतलेली, पण वाचायला शिकायची परवानगी नाही. मोजक्या प्रार्थना पाठ करायच्या. चर्चमध्येही त्यांची बसायची जागा पश्चिमेच्या अंगाला, मध्ये आडभिंत.

“आई, इथेही पंक्तिभेद?” लेक म्हणाली.

चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर हे बंधू जवळजवळ दिसेनासे झाले आणि जमिनी खंडाने दिल्या गेल्या. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठच बंद पडला. साधूंना पेन्शन मिळाली, इमारत रिचर्ड ग्रेशमला विकली गेली, छपराचं शिसं उतरवलं गेलं. ज्या चर्चमध्ये या बंधूंना आडभिंतीपलीकडे जागा नव्हती, ते आज उघड्यावर आहे. त्यांच्या जेवणघरावर मात्र छत आहे.

मठाचेच दगड वापरून बांधलेला फाउंटन्स हॉल लेकीला बघायचा होता. मी पाणचक्कीकडे वळले. ती बाराव्या शतकातली. मठ बुडाला, मालक बदलत गेले, तरी तिचं दळण १९२७ पर्यंत चालू होतं.