खालच्या कडेची धूळ

सौर पॅनेलवरच्या धुळीचा हिशेब लोक टक्क्यांत मागतात. महिन्यात किती टक्के वीज जाते, एवढंच त्यांना हवं असतं. पण धूळ काचेवर कुठे बसली, यावरच बरंचसं नुकसान ठरतं. पहाटेचं दव ओघळताना ती खाली नेतं, चौकटीच्या उंचवट्याशी पाणी अडतं आणि ऊन तापलं की तिथे बोटभर रुंदीची मातकट पट्टी घट्ट वाळते. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यामुळे तळाचे सेल झाकले गेले की त्यांच्या साखळीतल्या लख्ख सेलचाही प्रवाह आखडतो. वरचा भाग आरशासारखा चमकत असताना वीज मात्र घटलेली असते. म्हणूनच धुळीचा निम्मा बंदोबस्त पॅनेल बसवण्याच्या दिवशीच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात साधारण १८ ते २० अंशांचा उतार उन्हालाही मानवतो आणि पाणी निथळायलाही. तरी वाऱ्याच्या धास्तीने आणि लोखंड वाचवायला कित्येक गच्च्यांवर पॅनेल जवळजवळ आडवीच टाकली जातात. वर्षाच्या उत्पादनात त्याने फारसा फरक पडत नाही, असं सांगतात. स्वच्छ काचेपुरतं ते खरंही आहे. पण आडव्या काचेवर पाणी साचतं आणि पट्टी रुंदावते. दोन रांगांमध्ये माणूस जाईल एवढी वाट न सोडणं हा तर अन्यायच, कारण जिथे हात पोचत नाही तिथे कुणी पुसत नाही.

पाऊस धुऊन काढतोच की, असं म्हणणाऱ्यांनी आपलं वर्ष आठवावं. ऑक्टोबर ते मे आभाळ कोरडं असतं आणि ऊन याच काळात सर्वांत चांगलं. अवकाळीची भुरभुर तर धुळीचा चिखल करून जाते. गांधीनगरच्या आयआयटीतल्या पॅनेलवरचा थर तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनाने ९२ टक्के धूळच निघाली. उरलेल्या कार्बन आणि क्षारांचे बारीक, चिकट कण मात्र वजनाच्या मानाने कितीतरी जास्त प्रकाश अडवतात. वीटभट्टी किंवा साखर कारखाना जवळ असेल, तर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यावर विसंबू नये.

पाण्याच्या नासाडीचा आक्षेप मात्र रास्त आहे. दुष्काळी तालुक्यात तो मोडीत काढता येत नाही. पण ओल्या मऊ पोचाऱ्याला एका पॅनेलमागे तांब्या-दोन तांबे पाणी पुरतं. ते बोअरचं क्षारयुक्त नसावं, नाहीतर धूळ जाऊन पांढरे डाग बसतात. काच थंड असताना, सकाळी लवकर पुसावं. किती दिवसांनी, हे कॅलेंडरवरून नव्हे, घटलेल्या विजेवरून ठरवावं. तीन किलोवॅटच्या संचातून दिवसाला साधारण १२ युनिट मिळत असतील, तर दहा टक्के घट म्हणजे रोज सव्वा युनिटच्या आसपास. इन्व्हर्टरला पॅनेलच्या दोन वेगळ्या माळा जोडलेल्या असतील, तर एकच पुसून त्याच दिवशीचे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवावेत.