आधी पाइप काढा!

माझे सुतारकाका शार्प दहाला यायचे. डोंबिवलीतल्या माझ्या नव्याकोऱ्या वन बीएचकेचं काम चालू होतं आणि सोसायटीचा नियम कडक: आवाजाचं काम दहा ते दोन आणि चार ते सहा. म्हणजे एकेक मिनिट सोन्याचं. पण काका आल्या आल्या खटाखट सुरू करतील तर शपथ! आधी कंप्रेसरच्या टाकीखालची तोटी उघडून आतलं तांबूस पाणी काढायचं. मग नेल गन मांडीवर घेऊन पुसायची. पाइप जोडतात त्या तोंडात गनच्या तेलाचे तीन-चार थेंब. झाली दहा मिनिटं!

मी पडले फ्रीलान्सर. डेडलाइन हाच माझा देव. त्यात श्रावणातला मुहूर्त, रविवारी वास्तुशांत. सोमवारी मी म्हटलंच, "काका, ही पूजा चार दिवस राहू दे ना. आधी बीडिंग संपवू."

काका नुसते हसले. "तुम्ही म्हणाल तसं, ताई."

गुरुवारपर्यंत मी स्वतःवर जाम खूश होते. मग पिना अर्धवट बाहेर राहायला लागल्या. मी म्हटलं, प्रेशर वाढवा. काकांनी मान हलवली. या छोट्या गनला साधारण 60 ते 100 पीएसआय हवा लागते. गनवर लिहिलंय त्याच्या वर जायचं नाही. थोड्या वेळानं नुसताच 'टक्' आवाज, पिन गायब. दोनच्या सुमाराला एक पिन नाकात आडवी अडकली आणि गन ठप्प. काकांनी कंप्रेसर बंद केला. "जेवून येतो, मग बघतो," म्हणाले आणि खाली गेले.

माझ्यासारखी बाई गप्प बसेल? यूट्यूब उघडलं, पक्कड घेतली. कंप्रेसर बंदच होता, म्हणजे सेफ, नाही का? गन मांडीवर आडवी, डावा हात तिच्या नाकासमोर, उजव्या हातात पक्कड. तेवढ्यात काका विसरलेला डबा घ्यायला परत आले. एक शब्द न बोलता त्यांनी पाइपचा कपलर मागे ओढला. फस्स!

"बटण बंद केलं तरी टाकीत हवा असते, ताई. आधी पाइप काढा. मग गनला हात."

मग त्यांनी डाव्या हाताची तर्जनी दाखवली. मधल्या पेराला बारीक पांढरा डाग. बारा वर्षांपूर्वीची पिन. बोट आजही पूर्ण वाकत नाही. मी माझी दहा बोटं बघितली. माझं अख्खं ऑफिस म्हणजे ती दहा बोटं!

जेवण बाजूला ठेवून काकांनी सगळं दाखवलं. पट्टीतल्या पिना काढल्या, नाकाची कडी उघडली, वाकडी पिन पकडीनं ओढली. पण दुखणं वेगळंच होतं. गनमध्ये हवेच्या दाबानं दट्ट्या खाली येतो आणि त्याची पाती पिन ठोकते. दट्ट्याभोवती रबराची ओ-रिंग असते. ती कोरडी पडून चिरली होती. हवा बाजूनं निसटत होती, ठोका कमी पडत होता. चार दिवस तेल नाही, वर पावसाळी हवेतलं पाणी टाकीतून थेट गनमध्ये. रिंग आधीच जुनी होती, म्हणाले काका. ते त्यांचं मोठं मन. मी लगेच घरातला गंजाचा स्प्रे पुढे केला. "नको, तो रबराला मानवत नाही. गनचंच तेल लागतं."

शुक्रवारी सकाळी प्रायश्चित्त म्हणून मीच मशीद बंदरला उतरले आणि नागदेवी स्ट्रीटवर गेले. जुनी रिंग नमुन्याला पर्समध्ये. तंतोतंत मापाची नवी मिळायला चार दुकानं झाली, किंमत मात्र एका कॉफीपेक्षा कमी. दुपारी चारला काकांनी ती बसवली, तेल सोडलं, प्लायच्या तुकड्यावर ट्रायल घेतली. पिनेचं डोकं लाकडात गुडूप!

हिशेब सोप्पा आहे. वाचवली चाळीस मिनिटं, घालवला एक अख्खा दिवस. रविवारी वास्तुशांत झोकात झाली, फक्त टीव्ही युनिटला एक दार नव्हतं. आत्यानं बरोब्बर तेच विचारलं. "सुतारानं उशीर केला का गं?"

"नाही," मी म्हटलं. "मी घाई केली."

सोमवारी दहाला बेल वाजली. काकांनी तोटी उघडली, पाणी काढलं, गन मांडीवर घेतली. मी घड्याळाकडे न बघता चहा टाकला.