नॉर्मल म्हणजे कसं, मॅडम?

बंगळुरूचं एक चकाचक हॉटेल. नव्या नोकरीतलं पहिलंवहिलं ट्रेनिंग, सकाळचे साडेआठ, बुफे ब्रेकफास्ट. एका कोपऱ्यात उंच पांढरी टोपी घातलेला शेफ आणि त्याच्यासमोर अंड्यांचा डोंगर. माझा नंबर आला तसं त्याने हसून विचारलं, ‘एग्ज कशी हवीत मॅडम?’

मी म्हटलं, ‘फ्राइड.’

‘हो, पण कशी? सनी साइड अप, ओव्हर ईझी, ओव्हर मीडियम, ओव्हर हार्ड?’

मागे ही मोठी रांग. रांगेत तिसऱ्या नंबरावर बॉस. मी घाईघाईत म्हटलं, ‘नॉर्मल.’

‘नॉर्मल म्हणजे कसं, मॅडम?’

तुम्हाला हसू येईल, पण मला खरंच उत्तर सुचलं नाही. शेवटी त्याने आपल्या मनाने काहीतरी केलं आणि थरथरणाऱ्या पिवळ्या डोळ्याचं एक अंडं माझ्या प्लेटमध्ये सोडलं. मी टोस्ट खाल्ला, फळं खाल्ली आणि ते अंडं टिश्यू पेपरखाली झाकून टाकलं. कच्चं अंडं कोण खातं यार!

माझं ‘नॉर्मल’ म्हणजे साताऱ्यातल्या आमच्या घरचं. म्हणजे खरं तर घरचंही नाही, घरामागचं. माझी आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला वारी. त्यामुळे स्वयंपाकघरात अंडं येणं शक्यच नव्हतं. रविवारी आप्पा बाजारात जायचे आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा अंडी यायची. ती थेट परसातल्या कोनाड्यात. तिथेच खिळ्याला एक वेगळा लोखंडी तवा टांगलेला, खाली वातीचा स्टो, आणि बाजूला ॲल्युमिनियमच्या चार वेगळ्या ताटल्या. आजी त्या वेळेला पुढच्या खोलीत हरिपाठ घेऊन बसायची. तिला सगळं माहीत होतं, पण ती कधी काही बोलली नाही. आमच्याकडचा तह होता तो, न लिहिलेला.

आप्पांची पद्धत ठरलेली. तवा चांगला तापू द्यायचा, तेल सोडायचं, अंडं फोडायचं, लगेच उलथन्याच्या टोकाने पिवळं मोडायचं, उलटायचं आणि वरून दाबायचं. चर्रर्र! कडा तांबूस, करकरीत. ज्वारीच्या भाकरीवर ते ठेवायचं, वर मीठ आणि घरचं तिखट. पिवळ्याचा एक थेंब वाहता कामा नये. अंडं असंच असतं, अशी माझी बावीस वर्षं समजूत होती.

मग नोकरीसाठी मुंबई. गिरगावात, ठाकूरद्वारच्या अलीकडे, एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून जागा मिळाली. काकूंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. रात्री दहाच्या आत घरी, मैत्रिणी राहायला नाहीत, ‘आणि अंडं-बिंडं काही चालायचं नाही हं आमच्याकडे.’ मुंबईत भाड्याने जागा शोधलेल्या कुणालाही हे वाक्य पाठ असेल. मी मान डोलावली. सवय होतीच की. फक्त इथे परस नव्हता!

तर माझा परस झाला धोबीतलाव.

शनिवारी सुट्टी असली की सकाळी निघायचं. ठाकूरद्वारवरून सरळ चालत चिराबाजार, तिथे मासळीवाल्यांची लगबग सुरू झालेली असते, पुढे डोळे मिटून गेलात तरी मेट्रोच्या चौकात पोचता. मेट्रो म्हटलं की आता लोक भुयारी रेल्वेचे जिने शोधतात. मी म्हणतेय ते १९३८ मध्ये उघडलेलं मेट्रो थिएटर. त्याच्या समोर, जेर महालच्या तळमजल्यावर कयानी आहे. १९०४ पासून. मरीन लाइन्सच्या बाजूला थोडं गेलं की ससानियन, ते १९१३ चं. जवळच बस्तानी होतं, ते २००४ मध्ये बंद झालं. आमच्या ऑफिसातले सीनियर लोक त्याचं नाव अजून हळहळत काढतात. इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झोरोस्ट्रियन मंडळींनी ही हॉटेलं उभी केली. एकेकाळी शहरात दर नाक्यावर एक इराणी असायचा. आता पत्ता विचारत जावं लागतं.

आत शिरलं की उंच छत, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानखटाई. एकटी मुलगी तासभर चहा घेऊन बसली तरी इथे कुणी वळून बघत नाही, ही माझ्या मते इराण्याची मुंबईवरची सगळ्यात मोठी मेहेरबानी. आणि टेबल शेअर करायची पद्धत. माझ्यासमोर त्या पहिल्या शनिवारी खाकी कपड्यातले एक बेस्टचे कंडक्टर बसले होते. वेटर आला. मी म्हटलं, अंडा फ्राय.

‘हाफ या फुल?’

पुन्हा तेच! पण इथे निदान पर्याय दोनच होते. मी समोरच्या प्लेटकडे बघितलं आणि धीर करून म्हटलं, ‘हाफ.’

कंडक्टरसाहेब जे करत होते ते बघण्यासारखं होतं. त्यांनी काट्याने पांढऱ्याची किनार थोडी थोडी कापत खाल्ली. अगदी शिस्तीत, गोल फिरत. शेवटी प्लेटमध्ये फक्त अख्खं पिवळं उरलं, पांढऱ्याच्या रुपयाएवढ्या चकतीवर. ते त्यांनी अलगद उचलून मस्का लावलेल्या ब्रूनच्या तुकड्यावर ठेवलं, मिरपूड भुरभुरली आणि एका घासात आत. डोळे मिटले. पाच सेकंद काही नाही. मग चहा.

मी तस्संच केलं. पहिल्या प्रयत्नात पिवळं ओढणीवर सांडलं, तो भाग सोडून देऊ. पण जे काही जिभेवर आलं ते मी तोवर खाल्लेलं अंडं नव्हतं. दाट, कोमट, थोडं गोडसर, जवळजवळ सायीसारखं. आणि ब्रूनचं कारण तेव्हा कळलं. साधा पाव पिवळ्याला स्पंजासारखा पिऊन टाकतो आणि स्वतःच लिबलिबीत होतो. ब्रूनचं कडक कवच टिकून राहतं. वहिवाटीने जुळलेल्या जोड्या असतात ना, त्यातली ही एक.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी एक गंमत झाली. कोपऱ्यातल्या टेबलावर आमचे काका! हो, तेच, ‘आमच्याकडे चालायचं नाही’वाल्या काकूंचे यजमान. समोर डबल हाफ फ्राय. आमची नजरानजर झाली. काकांनी शांतपणे पेपर उचलून तोंडासमोर धरला. मी मेनूकार्ड. त्यानंतर वर्षभर आम्ही एकमेकांशी या विषयावर एक अक्षर बोललो नाही. मात्र काकांनी माझ्या भाड्याचा उशीर दोनदा निभावून नेला.

काका काही एकटे नाहीत. या शहरातलं सगळ्यात फेमस अंडंसुद्धा असंच घराबाहेरचं आहे. एग्ज केजरीवाल ऐकलंय ना? टोस्टवर चीज, हिरव्या मिरच्या आणि वर फ्राय अंडं. सांगतात ते असं, की देवीप्रसाद केजरीवाल नावाच्या गृहस्थांच्या शाकाहारी मारवाडी घरात अंडं चालत नसे, म्हणून ते विलिंग्डन क्लबात जाऊन आपल्या पद्धतीने ते बनवून घ्यायचे. क्लबाच्या मेनूवर नाव पडलं ते कायमचं. २०१६ मध्ये शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी तेच न्यूयॉर्कच्या आपल्या पाववाला रेस्टॉरंटमध्ये नेलं. म्हणजे बघा, घरी परवानगी असती तर हा पदार्थ जन्मालाच आला नसता.

याच्या उलट पारशी घरं. तिथे अंड्याला मज्जाव तर नाहीच, उलट ते कशावरही येऊन बसतं. भेंडीवर, बटाट्यावर, टोमॅटोवर, सळीवर. ‘पर ईडू’ म्हणजेच ‘वर अंडं’. शिजलेल्या भाजीत खळगे करायचे, त्यात अंडी फोडायची, झाकण, मंद आच. पाच मिनिटांत पांढरं बसतं आणि पिवळं हलतं राहतं. आमच्या ऑफिसातली पारशी मैत्रीण डब्यात टोमॅटोवालं आणते, आणि डबा उघडला की माझी मीटिंग असली तरी मी तिथेच असते.

खरं भांडण पेटतं ते याच डब्याच्या वेळी. आमच्या टीमचे सरळसरळ दोन पक्ष आहेत. एक, पिवळं आधी फोडून त्यात सगळं बुडवणारे. दोन, कंडक्टरसाहेबांसारखे, पिवळं शेवटाला राखून ठेवणारे. (पगार झाल्या झाल्या उडवणारे आणि एसआयपी वाले असेही हेच दोन पक्ष आहेत, तपासून बघा.) शिवाय मिरपूडवाले विरुद्ध लाल तिखटवाले, बटरवाले विरुद्ध तेलवाले. करकरीत कडा म्हणजे जळकं अंडं असं एकजण म्हणतो. त्याला मी सांगते, बाबा रे, स्पेनमध्ये त्या कडेला लेस या अर्थाचा शब्द आहे आणि ती मुद्दाम ऑलिव्ह ऑइलमध्ये काढतात.

भांडणाच्या मुळाशी थोडं विज्ञान आहे. पिवळं साधारण सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होतं. पांढरं त्याच्या आधीच बसायला लागतं, पण त्यातलं मुख्य प्रथिन पुरतं घट्ट व्हायला ऐंशीच्या वर जावं लागतं. म्हणजे पांढरं नीट होईपर्यंत पिवळं हातचं जाणार. हाफ फ्रायचा सगळा फंडा या तफावतीत आहे. कुणी झाकण ठेवतं आणि कडेने चमचाभर पाणी सोडतं. वाफेने वरचं पांढरं बसतं, पण पिवळ्यावर धुरकट साय येते. कुणी तव्यातलंच गरम तेल चमच्याने पांढऱ्यावर सोडत राहतं. मला हे दुसरं आवडतं, डोळा लखलखीत राहतो. अंडं आधी वाटीत फोडा आणि ताजंच घ्या. ताज्याचं पांढरं पिवळ्याभोवती उभं राहतं, शिळ्याचं तवाभर पळतं. पाण्यात टाकून बघा, ताजं तळाशी आडवं पडतं, तरंगलं तर सरळ फेकून द्या. आणि घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांना फुलच द्या. साल्मोनेलाशी पंगा नको.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी आप्पा एका लग्नासाठी मुंबईत आले. मी त्यांना शनिवारी सकाळी धोबीतलावला घेऊन गेले. मनात थोडी धाकधूक, की त्यांना आवडेल का, पिवळं बघून नाक मुरडतील का. वेटर आला. ‘हाफ या फुल?’

मी म्हटलं, ‘इनका फुल, एकदम कडक...’

‘हाफ,’ आप्पा म्हणाले. ‘डबल. और ब्रून है क्या?’

मी बघतच राहिले. प्लेट आली. आप्पांनी ब्रूनचा कोपरा मोडला, पिवळ्याच्या बरोबर मध्यावर टोचला आणि बुडवून खाल्ला. सफाईदार. म्हणजे पहिल्या पक्षाचे.

‘आप्पा, तुम्ही हाफ फ्राय खाता?’

‘खायचो. कॉलेजला पुण्यात होतो तेव्हा. डेक्कनला, गुडलकमध्ये. पैसे असले की.’

‘मग घरी कधीच नाही केलंत ते?’

‘घरी आई होती ना,’ ते म्हणाले. ‘पिवळं ताटलीला वाळलं की वशट वास राहतो. राखेने घासलं तरी जात नाही. ती बोलायची नाही, पण जेवायची कमी त्या दिवशी.’

मी थोडा वेळ चहा ढवळत बसले. मग म्हटलं, ‘पण आजीला जाऊन तेरा वर्षं झाली आप्पा. अजून का कडक?’

त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. ‘तुला तसंच लागतं म्हणून! सुट्टीला आलीस की तेच मागतेस ना तू?’

मागते. कारण ते प्रेमाने करतात, आणि ‘आता मला हाफ आवडतं’ हे सांगणं म्हणजे मुंबईचे नखरे वाटतील, असं मला वाटायचं. सहा वर्षं आम्ही दोघं एकमेकांसाठी करकरीत अंडी खात होतो!

परवाच्या मे महिन्यात घरी गेले. आता परसात गॅसची छोटी शेगडी आहे, पण तवा तोच, खिळाही तोच. आई दारात उभी राहून बघत होती, ती अजूनही खात नाही. आप्पांनी दोन अंडी फोडली आणि उलथनं हातात धरून थांबले.

‘हाफ,’ मी म्हटलं.

ते उलथनं खाली सरकवायला गेले आणि अंडं खाली चिकटलेलं. जरा ओढलं तर पिवळं फुटलं, तवाभर पसरलं.

‘तव्याला सवय नाही गं,’ आप्पा म्हणाले, आणि तिसरं वाटीत फोडलं.