गोंदियाला गाडी बदलताना

बालाघाटला रेल्वेने निघालेल्या मराठी माणसाला बहुधा गोंदियाला उतरावं लागतं. नागपूरहून आलेली मोठी गाडी त्याला फलाटावर सोडून पूर्वेला राजनांदगावकडे निघून जाते, आणि चाळीसेक किलोमीटरवरचं बालाघाट गाठायला उत्तरेकडच्या गाडीची वाट पाहायची. या प्रवासात मी कान्हाच्या जंगलात तीन दिवस काढले, लांजीचा किल्ला पाहिला, मलाजखंडची तांब्याची खाण लांबून पाहिली. त्या सगळ्याबद्दल मला काही लिहायचं नाही. माझं मन अडकलं ते गोंदियाहून पूर्वेला गेलेल्या त्या रुळांत. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले ते याच मार्गाने. डब्यात एक युरोपियन मिशनरी भेटला. त्याने त्यांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा रेल्वेचा डबा टिळकांच्या नावावर लागला आहे. मला मात्र त्या फलाटावर आठवत राहिल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या डब्यातल्या भेटीची किंमत मोजावी लागली ती त्यांना, आणि पिचलेल्या माणसाला श्रद्धेने बळ मिळतं म्हणजे नेमकं काय होतं, याचा मराठीतला सगळ्यात विश्वासार्ह पुरावाही त्यांच्याचकडे आहे.

लक्ष्मीबाईंचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या लहरींवर बेतलेलं होतं. वडिलांचं सोवळं इतकं विकोपाला गेलेलं, की घरात येणारं धान्यही धुऊन घ्यायचं. अकराव्या वर्षी लग्न झालं ते संतापी, मनस्वी, घरात पैसा टिकू न देणाऱ्या आणि न सांगता निघून जाणाऱ्या कवीशी. पुढे तो नवरा धर्म सोडून गेला आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे बाई जिवंत नवऱ्याची विधवा झाली. नातेवाइकांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, त्यांनी ती वर्षं काढली. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना हसू फार येतं, आणि त्यामुळे आपण हे दुःख विसरतो. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षांनी त्याच्याकडे परतल्या त्या आपलं सोवळं आणि आपली वेगळी चूल घेऊन. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी एकटीने विचार केला, तो माणसाने केला असं ठरवलं, आणि कुणाच्याही हातचं पाणी प्यायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. या पाच वर्षांवर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे. तेव्हाच्या बाईला 'पती हाच देव' असं शिकवलेलं असे. त्या देवाच्या वर दुसरा देव आहे आणि त्याच्याकडे आपल्याला नवऱ्याची परवानगी न घेता थेट जाता येतं, हे जिला स्वतःच्या विचाराने कळतं, तिचा कणा ताठ होतो. नवऱ्याच्या मागोमाग घेतलेला बाप्तिस्मा हा पातिव्रत्याचाच आणखी एक प्रकार ठरला असता. टिळक १९१९ साली वारले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने पंडित कवीचं काम पुढे न्यायचं, हे नुसत्या नवऱ्यावरच्या भक्तीने होत नाही.

मराठीत या बळाला एक शब्द तयार आहे. माहेर. सासरी जाच होत असताना माहेर आहे एवढ्या जाणिवेनेच बाईला तग धरता येतो. वारकऱ्यांनी पंढरीला माहेर म्हटलं ते याच अनुभवातून, आणि टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं तेही याच मातीत उभं राहून. पण माहेर ही नुसती भावना नसते. त्याला दार लागतं, छप्पर लागतं, रात्री-अपरात्री पोहोचलेल्या मुलीला ताटात वाढायला भात लागतो.

भाताचं म्हणाल तर बालाघाट भातासाठीच ओळखलं जातं. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा बारीक, आखूड. शिजत असताना वास ओसरीपर्यंत येतो, आणि तूप नसलं तरी पहिला घास कोरडा लागत नाही. मला मुळशीचा आंबेमोहोर जवळचा. पण चिन्नोरचा भात समोर आल्यावर ही तुलना मी सोडून दिली. शेजारच्या पानावर चाललेलं बोलणं हिंदी, पोवारी आणि मराठी यांच्यामधून सहज फिरत होतं. इतका भात पिकवणारा हा जिल्हा १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. १८९१ साली इथे सुमारे ३ लाख ८३ हजार माणसं होती. १९०१च्या जनगणनेत ३ लाख २६ हजार उरली. गोंदियापर्यंत रेल्वे होती, पण तिथून इकडे येणारी अरुंद मार्गाची गाडी विसावं शतक उजाडल्यावर सुरू झाली. वैनगंगेकाठी संध्याकाळी उभं राहिलं की चारी बाजूंना पाणी आणि हिरवं दिसतं, आणि ते आकडे खरे वाटत नाहीत. बैहरकडच्या गोंडांमध्ये तेव्हा जॉन लॅम्पार्ड यांचं बालाघाट मिशन काम करत होतं. आणि त्याच दुष्काळात या प्रांताच्या जिल्ह्यांमधून हिंडत होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंना ही भूक परकी नव्हती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी डोळ्यांसमोर गमावली होती. मध्य प्रांतात त्यांना दिसलं ते भुकेहून भयंकर होतं. सरकारी मदत छावण्या आणि अन्नछत्रं यांतही एकट्या मुली सुरक्षित नव्हत्या. ज्यांच्या हाती धान्य होतं त्यांच्यापैकी काहीजण त्या बदल्यात अब्रू मागत होते, आणि मुलींना फूस लावून पळवणारे आसपास घोटाळत होते. रमाबाईंनी हे उघड लिहिलं. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या केल्या. तेच पुढचं मुक्ती मिशन. तिथे मुली विणायला शिकल्या, शेतात राबल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल मुक्तीच्या छापखान्यातच तयार झालं. भाकरीच्या तुकड्यासाठी जिचं शरीर मागितलं गेलं होतं तशी मुलगी शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून, उलटं वाचून, ओळीत बसवते आहे, हे चित्र मी बालाघाटच्या मुक्कामात पुन्हा पुन्हा मनात आणत होतो. बळ मिळणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या चिमटीत जास्त स्पष्ट दिसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो टाळून चालणार नाही. भुकेल्याला भात द्यायचा आणि सोबत धर्म द्यायचा, ही श्रद्धा की सौदा? हा प्रश्न याच प्रदेशात सरकारी पातळीवर विचारला गेला. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९५६च्या अहवालाने शाळा, दवाखाने आणि अनाथालयं यांच्यामार्फत होणाऱ्या धर्मांतरावर कडक ठपका ठेवला. पुढे १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. आक्षेपात तथ्य आहे. ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही त्याची निवड ही निवड नसते, आणि केडगावच्या लहान मुलींबाबत ही शंका घेणाऱ्याला मी खोटा ठरवणार नाही. रमाबाईंच्या शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात या आरोपावरून १८९३ साली रानडे आणि भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागारपद सोडलं होतं. तरी दोन गोष्टी समोर ठेवाव्या लागतात. एक, ज्या मुलींना वाचवणं हे समाजाचं काम होतं त्यांच्यासाठी दार उघडणाऱ्याला दोष द्यायचा असेल, तर ज्यांची दारं बंद होती त्यांच्याकडे आधी पाहायला हवं. दुसरी गोष्ट खुद्द नियोगींच्या आयुष्यातली आहे. ज्या वर्षी अहवाल आला त्याच वर्षी नागपुरात डॉ. आंबेडकरांच्या धम्मक्रांतीच्या वेळी नियोगींनी बौद्ध धम्म स्वीकारला. विवेकाने धर्म बदलता येतो आणि त्यातून माणूस सरळ उभा राहू शकतो, हे धर्मांतराच्या सगळ्यात कडक परीक्षकाने स्वतः करून दाखवलं. म्हणून कसोटी लावायची ती निवडीवर. लक्ष्मीबाईंची पाच वर्षं त्या कसोटीला उतरतात. रमाबाईही उतरतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपल्याच आश्रयदात्या भगिनींशी धर्ममतांवरून पत्रांतून वाद घातला आणि चर्चने सांगितलेलं सगळं मान्य करायला नकार दिला. जिच्या घरी अन्न खातो तिलाच 'हे मला पटत नाही' असं सांगणारं माणूस विकलं गेलेलं नसतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो आतून येतो. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, ही शिकवण बायबलमधल्या पौलाच्या पत्रातही आहे, आणि मार खाऊन आलेल्या किती बायकांना पाळकांनी 'सोस, प्रार्थना कर' म्हणून घरी परत पाठवलं असेल याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. खरं आहे. सोसायला शिकवणारी श्रद्धा अत्याचार करणाऱ्याच्या सोयीची असते, मग ती कुठल्याही धर्माची असो. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं म्हणून कर्मठ नवऱ्याने त्यांना मारलं. त्यांनी ते अभंगांत लिहून ठेवलं आणि भक्ती सोडली नाही. ते बळ मी कमी लेखत नाही. पण त्यांना त्याच घरात राहून पतिधर्माशी जुळवून घ्यावं लागलं, कारण पंढरीचं माहेर मनात होतं आणि गावात दुसरं छप्पर नव्हतं. रमाबाईंना ख्रिस्ताकडे कशाने ओढलं ते पाहिलं की फरक कळतो. लंडनमध्ये भगिनींच्या आश्रमात 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांची शुश्रूषा चाललेली त्यांनी पाहिली, आणि तिथेच त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट कळली. पाच नवरे झालेली, सहाव्याबरोबर राहणारी, विटाळलेल्या जातीची बाई, आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तो तिला उपदेश नंतर करतो. आधी तिच्या हातचं पाणी मागतो. ज्या देशात हातच्या पाण्यावरून माणसाची किंमत ठरत होती, तिथल्या विदुषीला या गोष्टीत काय दिसलं असेल हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अधीन राहा हे वाक्य आणि ही गोष्ट एकाच ग्रंथात आहेत. लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांनी विहिरीची गोष्ट धरली, आणि पाळकाच्या 'सोस'ला त्या ग्रंथातूनच उत्तर मिळालं.

राहिला शिक्षणाचा मुद्दा. श्रद्धेचं नाव कशाला, रमाबाईंना बळ दिलं ते विद्येने, असं म्हणणारे आहेत. पण 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना बाप्तिस्म्याआधीच कलकत्त्यात मिळाल्या होत्या, आणि 'स्त्री-धर्म-नीति'ही बाप्तिस्म्याआधीच प्रसिद्ध झालं होतं. विद्येने त्यांना वाचा दिली. दुष्काळी छावणीतून अनोळखी, आजारी, उवांनी भरलेली मुलगी उचलून स्वतःच्या घरी नेण्याची ओढ त्यानंतरची आहे. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली धर्माचा आधार न घेता 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, म्हणून श्रद्धेशिवाय बळ नसतं असं मी म्हणणार नाही. शब्दांचं बळ त्यांच्याकडे भरपूर होतं. त्यांच्यामागे घर बांधणारं कुणी उभं राहिलं नाही, आणि त्या पुस्तकानंतर त्या गप्प झाल्या.

परतीच्या वाटेवर बालाघाटची गाडी गोंदियाला लागली तेव्हा अंधार पडायला आला होता. ही लाइन आता रुंद झाली आहे आणि बालाघाटवरून पुढे जबलपूरपर्यंत जाते. १८९७ साली धान्य याच वाटेने पोहोचायला हवं होतं. पलीकडच्या फलाटावर राजनांदगावकडची गाडी उभी होती. जनरलच्या डब्यात दाराजवळ एक बाई मांडीवर पोर आणि पायाशी बोचकं घेऊन बसली होती. समोरच्या म्हातारीने बाटली पुढे केली, आणि ती घटाघटा पाणी प्यायली.