सापबेडकांचे ओळखपुस्तक

साप, सरडे, बेडूक ओळखण्याचे पुस्तक विकत घेण्याआधी त्यातली मण्यार आणि कवड्या यांची पाने काढून पाहावीत. वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या सोयाबीन-तुरीच्या गावात हे दोन्ही साप रात्री घरापर्यंत येतात. मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी. अंगावर पांढरे आडवे पट्टे दोघांच्याही. मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीपर्यंत जातात. कवड्याचे मानेपासूनच ठळक असतात व शेपटीकडे विरतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, कवड्याला ती नसते. ही दोन चित्रे शेजारी-शेजारी छापणारे पुस्तक घ्यावे. विषारी साप एका भागात आणि बिनविषारी दुसऱ्या भागात टाकून मोकळे होणारे पुस्तक नेमके गरजेच्या वेळी पाने चाळायला लावते.

लक्षणे लांबून दिसतील अशी हवीत. शेपटीखालचे खवले अखंड की दुभागलेले, हे अभ्यासकाला मोलाचे; पण ते पाहायला साप हातात धरावा लागतो, आणि त्यात जिवाला धोका आहे. दंश झालाच तर पुस्तक उघडूच नये, थेट दवाखाना गाठावा: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच आहे.

बेडकांच्या बाबतीत एका छायाचित्रावर भागत नाही. एरवी हिरवट-तपकिरी असणारा मोठ्या बेडकाचा नर पहिल्या दमदार पावसात पिवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याशी निळ्या पिशव्या फुगतात. दोन्ही रूपे दाखवली नसतील, तर वाचक एकाच बेडकाला दोन जाती समजेल. लांबी, बोटांमधले पडदे आणि आवाजाचे वर्णनही हवेच. आढळाचा नकाशा तर अत्यावश्यक, कारण अनेक पुस्तकांत सह्याद्रीतल्या बेडकांचीच गर्दी असते आणि ते वाशिमच्या नाल्यात शोधून सापडणार नाहीत.

रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचे २००४ चे इंग्रजी पुस्तक छायाचित्रांसाठी उत्तम, पण ते फक्त सापांचे. जे. सी. डॅनियल यांच्या २००२ च्या ग्रंथात सरपटणारे प्राणी आणि उभयचर दोन्ही आहेत. मराठी वाचकासाठी नीलिमकुमार खैरे यांचे सापांवरचे लेखन आहे. जुन्या पुस्तकांतली काही शास्त्रीय नावे आता बदलली आहेत. दिवडाचे झेनोक्रोफिस आता फाउलिया झाले. त्यामुळे पुस्तक टाकाऊ ठरत नाही, नवे नाव समासात लिहून ठेवले की काम भागते.