खानदेशांतील दोन शहरें आणि रिकामे हात

गेल्या माघ महिन्यांत जळगांव व धुळें या दोन शहरीं जाण्याचा योग आम्हांस आला. निमित्त घरगुतीच होतें. धुळ्यास आमच्या वहिनी असतात, त्यांस भेटावयाचें होतें. परंतु जळगांव स्टेशनांतून बाहेर पडलों आणि पाय आपोआप जुन्या खानदेश मिलच्या जागेकडे वळले. आज तेथें दुकानें आहेत. आमच्या बालपणीं या शहरांतील घड्याळें गिरणीच्या भोंग्यावर लावीत असत, हें तेथील तरुण दुकानदारास सांगितलें, तेव्हां तो सौजन्यानें हंसला इतकेंच.

खानदेशचा कापूस आणि परदेशची बेकारी यांचा संबंध फार जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस अडला आणि आपल्याकडील कापसास सोन्याचें मोल आलें. त्याच वर्षांत लँकॅशायरमधील विणकरांच्या चुली विझल्या होत्या. अखेर विलायतच्या पार्लमेंटानें १८६३ सालीं कायदा करून तेथील नगरसंस्थांना कर्जें दिलीं व सुताचे हात रस्ते, गटारें आणि बागा यांच्या कामीं लाविले. महाराष्ट्रांत १९७२ च्या दुष्काळांत जी रोजगार हमी पुढें आली, तिची ही वडील बहीणच म्हणावयाची.

पुढें गिरण्या आपल्याकडे आल्या आणि कालांतरानें आपल्याकडेही बंद पडल्या. आमचे वडील बंधु एका गिरणीच्या कचेरींत कारकून होते. १९८० नंतरच्या दशकांत ती गिरणी बंद झाली, तेव्हां दादांनीं चाळिशी ओलांडली होती. सहा महिने ते रोज सकाळीं डबा घेऊन घराबाहेर पडत आणि स्टेशनच्या बांकावर बसून संध्याकाळीं परत येत. कोणी विचारलें तर तीर्थरूप सांगत, "तो रजेवर आहे." आम्हां मास्तराच्या पगारावर दोन संसार चालत. वहिनींच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या त्या गेल्याच. पुढें दादा आठवड्यांतून दोन दिवस एका किराणा दुकानाची खातेवही लिहूं लागले. आठवड्यांत एक तासभर जरी काम केलें तरी मनुष्य रोजगारीं धरावा, असा आजच्या पाहणीचा नियम आहे. त्या नियमानें पाहतां दादा बेकार नव्हतेच!

निरनिराळ्या देशांचे बेकारीचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडतांना ही गोष्ट लोक विसरतात. २००९ सालचेंच पाहा. मंदीची लाट एकच, परंतु अमेरिकेंत मालकांनीं माणसें काढलीं आणि त्या वर्षीं आक्टोबरांत बेकारी शेंकडा १० वर गेली. जर्मनींत उत्पन्न अधिक घसरूनही बेकारी फारशी वाढली नाहीं, कारण तेथें माणूस न काढतां त्याचे तास कमी केले व बुडालेल्या मजुरीचा बराच भाग सरकारी विम्यांतून दिला. असे सुमारें १४ लक्ष कामगार त्या वर्षीं होते. स्पेनमध्यें हंगामी करारावरील तरुण प्रथम बाहेर पडले. २०१३ मध्यें तेथील बेकारी शेंकडा २६ झाली आणि पुष्कळ घरें आजोबांच्या पेन्शनीवर चाललीं. हें शेवटचें वाचून आम्हांस स्पेन अगदीं शेजारचा वाटला.

खानदेशांत जर्मनीची रीत एकत्र कुटुंब चालवितें. आठ एकरांत पांच भाऊ राबतात; काम तिघांचें असतें, पण रिकामा कोणीच दिसत नाहीं. तास वांटले जातात, भाकरीही वांटली जाते. फरक इतकाच कीं, विम्याचा हप्ता पाटल्यांच्या रूपानें सुना भरतात, आणि तो कोणत्याही हिशेबांत लिहिला जात नाहीं.

जें घरांत मावत नाहीं तें सुरतेस जातें. ताप्तीकांठचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला, तेव्हांपासून सुरत जवळ आली, आणि आज तेथील उधना, लिंबायत या भागांत अहिराणी जागोजाग कानीं पडते. फलाटावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका मुलास आम्हीं विचारलें, "शेती सोडून कां रे चाललास?" तो म्हणाला, "आठे काय शे, गुरुजी?" उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत असेच कितीएक सुरतेहून परतले होते, आणि त्या वेळीं पुन्हां घरानेंच त्यांस पोटांत घेतलें.

एरंडोल, पारोळें करीत एस.टी.नें धुळ्यास पोहोंचलों तों दिवेलागण झाली होती. दादा आतां नाहींत. वहिनी ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांचा नातू अभियांत्रिकीची पदवी घेऊन आठ महिने घरीं आहे. त्याच दिवशीं सकाळीं पाहणी करणारी एक बाई येऊन गेली होती. घरांत कोणी काम शोधीत आहे काय, असें तिनें विचारलें; वहिनींनीं सांगितलें, "कोणी नाहीं."

आम्हीं नातवाकडे पाहिलें. त्यानें पाट मांडण्याचें निमित्त काढून पाठ फिरविली.

"वहिनी, तुम्ही असें कां सांगितलेंत?"

"भावोजी," त्या म्हणाल्या, "मामंजी तरी दुसरें काय सांगत होते?"

दुसऱ्या दिवशीं आम्ही नातवास घेऊन राजवाडे संशोधन मंडळाची वास्तु पाहावयास निघालों. इतिहासाचार्यांचें देहावसान १९२६ सालीं याच धुळ्यांत झालें, वगैरे माहिती आम्ही त्यास सांगत होतों. त्यानें सर्व ऐकून घेतलें, मग हळूच विचारलें, "काका-आजोबा, सुरतेची पहिली बस किती वाजतां सुटते, तुम्हांला ठाऊक आहे?"